डोळ्याच्या दाबाचें माप

ज्या वस्तूच्या आंत शिरतां येत नाहीं तिची अंतःस्थिति बाहेरून ओळखावयाची, हा वैद्यकाचा फार जुना उद्योग आहे. नाडी पाहणें, पोटावर बोटें वाजवून पाहणें, छातीस नळी लावून ऐकणें, हे सर्व त्याचेच प्रकार. या प्रकारांत एक गोष्ट सदैव मनांत वागवावी लागते, ती ही कीं आपण प्रत्यक्ष मोजतों एक आणि त्यावरून बोलतों दुसऱ्याविषयीं. मधली भिंत जशी असेल तसें तें बोलणें खरें किंवा खोटें ठरतें. डोळ्यांतील दाब मोजण्याचीं जीं यंत्रें गेल्या दीडशें वर्षांत निघालीं, त्यांचा इतिहास म्हणजे पुष्कळ अंशीं या मधल्या भिंतीचाच इतिहास होय. चष्मा घालविण्यासाठीं डोळ्यावर लेसरची शस्त्रक्रिया करवून घेण्याचा प्रघात पडल्यापासून तर तो केवळ नेत्रवैद्यांनीं वाचावयाचा राहिला नाहीं; कारण ती शस्त्रक्रिया नेमकी त्या भिंतीवरच होते.

प्रथम डोळ्याची रचना थोडक्यांत सांगितली पाहिजे. डोळा हा द्रवानें भरलेला गोळा आहे. त्याच्या पुढील भागांत पाण्यासारखा स्वच्छ रस सतत पाझरत असतो व बुबुळाच्या कडेस असलेल्या बारीक जाळींतून तितकाच बाहेर निघून जातो. ही आवक-जावक बरोबरीची असली म्हणजे आंत बेताचा दाब राहतो आणि गोळ्याचा आकार टिकतो. जावक तुंबली कीं दाब चढतो, व डोळ्याच्या मागून मेंदूकडे जाणारा दृष्टीच्या मज्जातंतूंचा जुडगा हळूहळू झिजूं लागतो. काचबिंदू म्हणतात तो हा. दाब बेताचा असूनही हा रोग कित्येकांस होतो, आणि दाब चढलेला असूनही कित्येकांस होत नाहीं. तथापि रोगाच्या कारणांपैकीं औषधानें किंवा शस्त्रानें कमी करतां येते अशी आजवर सिद्ध झालेली गोष्ट दाब हीच आहे. मोतीबिंदूनें गेलेली दृष्टि परत आणतां येते. काचबिंदूनें गेलेली येत नाहीं. त्यांत हा रोग बहुधा मुका असतो. दुखत नाहीं, खुपत नाहीं. दृष्टीच्या कडा आधीं जातात आणि मध्य शेवटीं, म्हणून रोज वर्तमानपत्र वाचणाऱ्या माणसास आपलें अर्धें शेत पाण्याखालीं गेल्याचा पत्ताही नसतो. अशा रोगांत दाबाच्या आंकड्यावर किती भिस्त असते हें वेगळें सांगावयास नको.

काचबिंदूंत डोळा कठीण होतो, हें निरीक्षण रिचर्ड बॅनिस्टर नांवाच्या इंग्रज नेत्रवैद्यानें १६२२ सालीं नमूद केलें होतें. पुढें दोनशें वर्षें त्याचा म्हणण्यासारखा उपयोग झाला नाहीं. १८३० सालीं ग्लासगोच्या विल्यम मॅकेंझीनें या कठीणपणाचा व रोगाचा संबंध आपल्या ग्रंथांत स्पष्ट मांडला, आणि १८५७ सालीं बर्लिनच्या आल्ब्रेख्त फॉन ग्रेफनें डोळ्याच्या रंगीत पडद्याचा एक तुकडा कापून काढल्यास काचबिंदूवर गुण येतो असें दाखविलें. उपाय सांपडला तेव्हां मोजण्याची निकड उत्पन्न झाली. लंडनच्या विल्यम बोमननें १८६२ सालीं बोटांनीं डोळा चाचपून त्याचा कठीणपणा ठरविण्याची पद्धतशीर रीत घालून दिली. आंबा पिकला कीं नाहीं हें पाहावयास आपण तो हलकेच दाबतों, तसाच हा प्रकार. रोग्यानें खालीं पाहावें, वैद्यानें दोन्ही तर्जन्या वरच्या पापणीवर ठेवून आळीपाळीनें दाब द्यावा, आणि कठीणपणाच्या चढत्या पायऱ्यांसाठीं ठरलेलीं चिन्हें वहींत लिहावीं. अनुभवी बोटांस यांत बरेंच कळे. परंतु एका वैद्याचीं बोटें दुसऱ्यास उसनीं देतां येत नाहींत, आणि आज लिहिलेलें चिन्ह सहा महिन्यांनीं त्याच बोटांस तसेंच भासेल याचाही भरंवसा नसतो.

यंत्र करावयाचें तर तें उघड्या बुबुळावर टेकविलें पाहिजे, आणि तें सोसणारा रोगी त्या काळीं कोठून मिळणार ? ही अडचण १८८४ सालीं व्हिएन्नाच्या कार्ल कोलर या तरुण डॉक्टरनें दूर केली. कोकेनचा थेंब घातला असतां डोळ्याची संवेदना जाते असें त्यास आढळलें. सप्टेंबरांत हायडेलबर्ग येथील नेत्रवैद्यांच्या सभेंत त्याचा निबंध दुसऱ्याच गृहस्थानें वाचला. कोलर स्वतः तेथें हजर नव्हता. दुसऱ्या वर्षीं मॉस्कोच्या अलेक्सेइ माक्लाकोव्हनें आपलें यंत्र पुढें आणलें. यंत्र कसलें, एक छोटेंसें वजन ! त्याच्या सपाट तळास रंग लावावा, निजलेल्या रोग्याच्या बुबुळावर तें क्षणभर उभें करावें, आणि उचलून कागदावर टेकवावें. जेवढ्या भागाचा रंग डोळ्यास लागून गेला तेवढें वर्तुळ कागदावर कोरें उमटे. वर्तुळ लहान तर दाब अधिक, मोठें तर दाब कमी. रशियांत ही रीत पुढें शंभर वर्षांहून अधिक काळ चालली.

तिच्यामागील तत्त्व फ्रान्सचा इंबेर व जर्मनीचा आडोल्फ फिक यांच्या नांवानें ओळखलें जातें. अतिशय पातळ, लवचिक आणि कोरड्या कातडीचा फुगा घेतला व त्याचा एक भाग सपाट होईपर्यंत दाबला, तर दाबणाऱ्या बलास सपाट झालेल्या क्षेत्रफळानें भागिलें असतां आंतील दाब मिळतो. नियम सुबोध आहे. अडचण एवढीच कीं डोळा तसा नाहीं. बुबुळासमोरचा जो काचेसारखा स्वच्छ पडदा, ज्यास पारपटल म्हणतात, तो पातळ नाहीं. त्यास वांकावयास लावलें तर तो विरोध करतो. आणि अश्रूंमुळें तो कोरडाही नाहीं. त्यानंतरच्या प्रत्येक यंत्राच्या पोटांत या तीन ‘नाहीं’ची कांहींतरी तडजोड लपलेली आहे.

नॉर्वेच्या ह्याल्मार श्यॉत्सनें १९०५ सालीं दाखविलेलें यंत्र या बाबतींत फार काळ जगाचें गुरु होऊन बसलें. त्यांतील साडेपांच ग्रॅम भाराची दांडी पारपटलास किती खोल खड्डा पाडते हें कांटा दाखवी, आणि कोष्टकावरून त्याचा दाब काढीत. स्वस्त, सुटसुटीत, खिशांत मावणारें. तेव्हां तें गांवोगांव पोंचलें यांत नवल नाहीं. परंतु खड्डा पाडला म्हणजे आंतील द्रव हटतो आणि डोळ्याच्या भिंती ताणल्या जातात. भिंती ताठ असतील तर दाब आहे त्याहून अधिक दिसतो, सैल असतील तर कमी. बाल्टिमोरच्या जोनास फ्रीडनवाल्डनें १९३७ सालीं या ताठपणाचा हिशेब मांडला, आणि त्यांतून असें निघालें कीं लघुदृष्टीचा डोळा, जो लांबट व ताणलेला असतो, त्याचें माप या यंत्रांत खोटें कमी येतें. लघुदृष्टीच्या माणसास यंत्रानें फसविण्याची ही पहिली खेप. दुसरी पुढें यावयाची होती.

येथें एका आंकड्याची जन्मकथा सांगण्यासारखी आहे. दाब २१ च्या आंत असला तर ठीक, असें आजही दवाखान्यांतून ऐकूं येतें. हा २१ जर्मनीच्या लायडेकरनें १९५८ सालीं प्रसिद्ध केलेल्या, सुमारें दहा हजार निरोगी माणसांच्या मापांवरून रूढ झाला. त्या मापांची सरासरी पाऱ्याचे साडेपंधरा मिलिमीटर होती. तींत नेहमींच्या चढउताराची दुप्पट मिळविली कीं एकवीसच्या आसपास सीमा येते. म्हणजे ही सीमा गणितानें घातलेली आहे, निसर्गानें नव्हे. आणि ज्या यंत्रानें तीं मापें घेतलीं तें श्यॉत्सचेंच होतें.

श्यॉत्सचें आसन ज्यानें घेतलें तो हान्स गोल्डमन १८९९ सालीं बोहेमियांत जन्मला आणि १९३५ पासून १९६८ पर्यंत स्वित्झर्लंडांतील बर्न येथील नेत्ररुग्णालयाचा प्रमुख होता. खोल खड्डा पाडण्याऐवजीं अगदीं लहान भाग सपाट करावा, म्हणजे द्रव फारसा हटणार नाहीं व भिंतीही ताणणार नाहींत, असा त्याचा विचार. परंतु पारपटल वांकण्यास विरोध करतें, त्याचें काय ? गोल्डमनच्या ध्यानांत आलें कीं निसर्गानें येथें एक प्रतिस्पर्धी आधींच उभा करून ठेवला आहे : यंत्राचें टोंक टेकतांच भोंवतालचे अश्रु त्यास पृष्ठताणानें आंत ओढूं लागतात. एक बल ढकलतें, दुसरें ओढतें. सपाट वर्तुळाचा व्यास तीन मिलिमीटरांहून किंचित् अधिक ठेवला तर हीं दोन्ही बलें परस्परांस फेडून टाकतात. त्यांतून ३.०६ मिलिमीटर हा व्यास त्यानें निवडला, कारण त्या मापास ग्रॅमांतील बल दहानें गुणिलें कीं पाऱ्याच्या मिलिमीटरांत दाब हातीं येतो. वैद्यास निळ्या प्रकाशांत दोन हिरवट पिंवळीं अर्धवर्तुळें दिसतात. चक्र फिरवून त्यांच्या आंतल्या कडा एकमेकींस टेकविल्या कीं काम झालें. हिशेबाचा इतका चोख आणि हातास इतका सोपा मिलाफ वैद्यकांत क्वचितच पाहावयास मिळतो. टेओ श्मिट या सहकाऱ्याबरोबर १९५७ सालीं लिहिलेल्या निबंधांत गोल्डमननें त्याचें सविस्तर विवेचन केलें, आणि पुढें जगांतील इतर सर्व यंत्रें याच यंत्राशीं ताडून पाहूं लागले.

परंतु तीं दोन बलें फिटतात तीं पारपटल सुमारें अर्धा मिलिमीटर जाड असेल तरच. हें गोल्डमनपासून लपलेलें नव्हतें. जाडी फार निराळी असेल तर माप चुकेल असें त्या निबंधांतच नमूद आहे. मात्र रोग नसतां जाडींत मोठा फरक क्वचितच पडतो अशी तेव्हांची समजूत होती. ग्रंथकर्त्यानें घातलेली अट विसरून वाचकांनीं निष्कर्ष तेवढा पाठ करावा, हें शास्त्रांतही घडतें. डेन्मार्कच्या नील्स एलर्सनें १९७५ सालीं २९ डोळ्यांत, शस्त्रक्रियेच्या वेळीं बारीक नळी घालून, आंतील खरा दाब आणि गोल्डमनच्या यंत्राचें माप शेजारींशेजारीं ठेवलें. पारपटल ५२० मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटराहून जरासें जाड, असेल तेथें दोन्ही जुळलीं. शंभर मायक्रॉनांच्या फरकामागें माप सात मिलिमीटरांपर्यंत चुकतें असें त्यास आढळलें. एकवीसच्या जागीं चौदा ! तरीही पंचवीस वर्षें या कामाकडे फार थोड्यांनीं लक्ष दिलें. जाडी मोजावी कशाला, ती सर्वांची सारखीच असते, ही समजूत सोयीची होती.

ती समजूत मोडली ती दुसऱ्याच दिशेनें. चष्म्याऐवजीं पारपटलाचाच आकार बदलावा ही कल्पना कोलंबियाची राजधानी बोगोता येथील होसे इग्नासियो बाराकेरनें १९४९ सालीं मांडली. त्याची पुढील रीत ऐकून अंगावर कांटा येतो : पारपटलाची एक चकती कापून काढावयाची, ती गोठवावयाची, चरकावर घडवावयाची आणि परत डोळ्यावर शिवावयाची. मद्रासेस शिकून अमेरिकेंत गेलेले रसायनशास्त्रज्ञ रंगस्वामी श्रीनिवासन यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह १९८१ सालीं, सणाच्या मेजवानींतून उरलेल्या टर्कीवर एक्सायमर लेसरचे जंबुपार किरण सोडून पाहिले, तेव्हां आजूबाजूचा भाग न जळतां नेमका हवा तेवढाच थर उडून जातो असें दिसलें. न्यूयॉर्कच्या स्टीफन ट्रोकेलनें १९८३ सालीं त्यांच्याबरोबर हेंच पारपटलावर करून दाखविलें. १९८८ सालीं अमेरिकेंत मार्गेरीट मॅक्डोनल्ड यांनीं दिसत्या डोळ्यावर ही क्रिया केली. क्रीटच्या इओआनिस पालिकारिसनें १९९० च्या सुमारास, आधीं वरचा पापुद्रा उचलून, खालीं लेसर चालवून, पापुद्रा परत झांकण्याची रीत रूढ केली. तीच लॅसिक. १९९५ सालीं अमेरिकन सरकारनें लेसरच्या या उपयोगास प्रथम मान्यता दिली, आणि मग लोकांची रीघ लागली.

आतां हिशेब पाहावा. लघुदृष्टि घालवावयाची म्हणजे पारपटलाचा मध्य तासून चपटा करावयाचा. सहा मिलिमीटर रुंदीच्या भागावर चष्म्याच्या एका नंबरामागें सुमारें १२ मायक्रॉन थर जातो. उणे सहा नंबरास ७२. कोणाचें पारपटल ५४० मायक्रॉन असेल तर ४६८ उरलें. पण एवढ्यानें भागत नाहीं. उचललेला पापुद्रा, समजा १२० मायक्रॉनांचा, परत झांकला तरी खालच्या थराशीं पूर्वीसारखा एकजीव होत नाहीं. घडी घालून ठेवलेल्या शालीसारखा तो वर बसून राहतो. ताण सोसणारी भिंत आतां जेमतेम ३४८ मायक्रॉन. गोल्डमनच्या तराजूंतील एका पारड्याचें वजनच आपण उचलून नेलें, आणि कांटा मात्र पूर्वीच्याच खुणेवर वाचतों आहों.

१९९० नंतरच्या दशकांत अनेक ठिकाणच्या वैद्यांस आढळूं लागलें कीं लेसरनंतर डोळ्याचा दाब उतरतो. कोणास तें लेसरचें वरदानही वाटलें असेल. वास्तविक दाब होता तेवढाच होता. उतरला तो आंकडा. किती उतरतो हें जाडीवरून सांगतां आलें असतें तर बेरीज करून काम भागलें असतें. परंतु ओहायोच्या लिऊ व रॉबर्ट्स यांनीं २००५ सालीं गणितानें दाखविलें कीं मापावर जाडीहूनही अधिक परिणाम पारपटलाच्या लवचिकपणाचा होतो, आणि तो तर माणसागणिक निराळा. जाडी पाहून आंकडा दुरुस्त करण्याचीं सूत्रें पुष्कळ निघालीं, पण तीं आपसांतही जुळत नाहींत.

या खोट्या आंकड्याचा धोका दोन प्रकारचा आहे. पहिला झटपट येणारा. शस्त्रक्रियेनंतर सूज उतरावी म्हणून स्टेरॉइडचे थेंब देतात, आणि कांहीं माणसांत त्या थेंबांनींच डोळ्याचा दाब चढतो. चढलेल्या दाबानें द्रव पारपटलांत झिरपून पापुद्र्याखालीं सांचतो. मग यंत्र काय मोजतें ? आंतला दाब नव्हे. त्या पाण्याच्या गादीवर तें अलगद टेकतें आणि आंकडा अगदीं कमी दाखवितें. दृष्टि अंधुक, दाब मात्र उत्तम. तेव्हां ही सूजच असावी असें मानून थेंब वाढवावयाचे, आणि दाब आणखी चढावयाचा. असे रोगी १९९९ च्या सुमारापासून वैद्यकीय मासिकांतून नोंदले गेले आहेत, आणि त्यांपैकीं कित्येकांची दृष्टि कायमची दुखावली. पापुद्र्याच्या बाहेर, कडेवर माप घेतलें तर खरा प्रकार उघड होतो. पण त्यासाठीं मनांत शंका यावी लागते.

दुसरा धोका संथ आहे, आणि आमच्या मतें तोच मोठा. पंचविशींत लेसर करून घेतलेला मनुष्य पन्नाशींत येतो तेव्हां काचबिंदूच्या वयांत येतो. लघुदृष्टि ही स्वतःच त्या रोगाकडे कल असलेली प्रकृति आहे. म्हणजे ज्यांस अचूक मापाची गरज सर्वांत अधिक, त्यांचेंच माप आपण बिघडविलें. त्याचा दाब १४ भरतो व तो निश्चिंतपणें घरीं जातो.

उपाय शोधणारे स्वस्थ बसले नाहींत. झुरिक येथें हार्टमुट कांगीसर यांनीं असें यंत्र योजिलें कीं ज्याचें टोंक सपाट नसून पारपटलाच्याच आकाराचें अंतर्गोल असतें. वांकवावयाचेंच नाहीं, तर वांकण्याच्या विरोधाचा प्रश्न कोठें राहिला? तेथील वैद्यांनीं २००३ सालीं दाखविलें कीं लॅसिकनंतर गोल्डमनचें माप उतरलें तरी या यंत्राचें माप जवळजवळ जागच्या जागीं राहतें. १९७२ पासून प्रचारांत आलेलीं हवेच्या झोताचीं यंत्रें गोल्डमनच्याच दोषानें ग्रासलेलीं होतीं. २००५ सालीं अमेरिकेंत डेव्हिड लूस यांनीं त्यांत सुधारणा करून, पारपटल आंत जातांना व परत येतांना असे दोन वेळां मोजून, भिंतीची लवचिकता निराळी काढण्याची युक्ति साधली; त्यानंतरच्या एका यंत्रांत तर सेकंदास चार हजारांहून अधिक चित्रें घेणारा कॅमेरा असतो. या सर्वांनीं चूक कमी केली आहे. नाहींशी केली आहे असें त्यांचे कर्तेही म्हणणार नाहींत. शिवाय हीं यंत्रें मोठ्या शहरांतील निवडक दवाखान्यांत असतात; इतरत्र गोल्डमन किंवा हवेचा साधा झोत यांवरच भागवावें लागतें.

महाराष्ट्रापुरतें बोलावयाचें तर आणखी एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. नागपूरजवळच्या खेड्यांतील प्रौढ माणसांची जी नेत्रपाहणी झाली, तिच्या २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतांत पारपटलाची सरासरी जाडी ५१४ मायक्रॉन भरली. वर आम्हीं हिशेबास घेतलेले ५४० हे युरोपीय पुस्तकांतील; आपल्याकडे पुष्कळांची भिंत मुळांतच पातळ. अमेरिकेंत दाब चढलेल्या, पण काचबिंदू न झालेल्या सोळाशेंहून अधिक लोकांवर झालेल्या, २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत असें दिसलें कीं ज्यांचें पारपटल ५५५ मायक्रॉन किंवा त्याहून पातळ होतें त्यांस ५८८ हून जाड असलेल्यांच्या मानानें रोगाचा धोका तिप्पट होता. याच लोकांचे आंकडे जाडीच्या सूत्रांनीं दुरुस्त करून पाहिले, तर कोणास रोग होईल याचें भाकीत त्यामुळें मुळींच सुधारलें नाहीं, हें २०१२ सालीं प्रसिद्ध झालें. सूत्रांवर विसंबणारांस ही मोठीच चपराक होती.

म्हणून जाणते वैद्य आंकड्यापुढें थांबत नाहींत. ते बाहुली मोठी करून मज्जातंतूंच्या जुडग्याचें टोंक पाहतात, त्याच्या थराची जाडी यंत्रानें मोजतात, दृष्टीचें क्षेत्र तपासतात, आणि हीं सारीं मापें वर्षानुवर्षें एकापुढें एक ठेवून बदल शोधतात. त्यांस रोग्याकडून हव्या असतात त्या तीन गोष्टी : शस्त्रक्रियेपूर्वींचा चष्म्याचा नंबर, त्या वेळची पारपटलाची जाडी, आणि त्या वेळचा दाब. तीनही गोष्टी एका कागदाच्या तुकड्यावर मावतात. तो कागद वीस-पंचवीस वर्षांनीं सहसा सांपडत नाहीं. शस्त्रक्रिया झाली तें शहर सुटलेलें असतें, कधीं कधीं तो दवाखानाही उरलेला नसतो. आणि पापुद्र्याची कड इतकी साफ बसलेली असते कीं नव्या वैद्यास ती सहजासहजीं दिसत नाहीं. रोग्यानें आपण होऊन सांगितलें तरच त्यास कळावयाचें. कारण समोर बसलेल्या माणसाच्या नाकावर चष्मा नसला म्हणजे पूर्वीं तो होता काय, हें विचारण्याचें फार थोड्यांस सुचतें.